सीट मागे घेताना विचारू नका, सांगा

लांबच्या फ्लाइटमध्ये सीट मागे घ्यावी की घेऊ नये यावर लोक ज्या त्वेषाने भांडतात ते बघून मला कायम गंमत वाटते, कारण भांडण असतं जेमतेम चार इंचांचं. एक तट म्हणतो बटण दिलंय, पैसे भरलेत, मी मागे घेणार. दुसरा म्हणतो माझ्या गुडघ्यांवर येऊन झोपायचा हक्क तुला दिला कुणी. आणि मजा म्हणजे पुढचा मागे आला की "काय माणसं असतात" म्हणून सुस्कारे टाकणारा माणूस अर्ध्या तासाने स्वतःचं बटण दाबून मोकळा होतो, तेव्हा त्याला त्याच्या मागे कोणी बसलंय हे आठवत पण नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. लांबच्या फ्लाइटमध्ये, त्यातून रात्रीच्या, सीट मागे घेण्यात काहीही गैर नाही आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागायची पण गरज नाही. मात्र सांगायची गरज आहे. मागे वळून, तोंडाने, दोन शब्दात. एवढं केलं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

हे "विचारा" वालं प्रकरण खूप चालतं. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका फ्लाइटचा व्हिडिओ फिरला होता बघा, एका बाईने सीट मागे घेतलेली आणि मागचा माणूस तिच्या सीटच्या पाठीवर ठक ठक ठक गुद्दे मारत बसलेला. तो माणूस शेवटच्या रांगेत होता, म्हणजे त्याची स्वतःची सीट मागे जातच नव्हती. त्या बाईच्या सांगण्यानुसार तो जेवत असताना त्याने सीट सरळ करायला सांगितली, तिने केली, त्याचं खाणं झाल्यावर तिने परत मागे घेतली आणि मग गुद्दे सुरू झाले. जगभर लोकांनी बाजू घेऊन वाद घातला, आणि त्यात डेल्टा एअरलाइन्सचे सीईओ एड बॅस्टियन यांनी टीव्हीवर सांगितलं की प्रवाशाला सीट मागे घ्यायचा हक्क आहे, पण आधी मागच्याला चालेल का असं विचारणं योग्य, आणि मी स्वतः कधी सीट मागे घेत नाही. ऐकायला फार छान. पण समजा मी विचारलं आणि मागचा "नाही चालणार" म्हणाला, तर? आता मी बारा तास ताठ बसायचं का? की "बरं" म्हणून तरीही मागे घ्यायची, म्हणजे विचारून वर अपमान? आणि नाही म्हणणाऱ्याला तरी काय, त्याला फुकटात नकाराधिकार दिला की तो वापरणारच, कोण सोडतंय. मुळात हक्क माझा आहे हे मान्य असेल तर त्याची चावी मागच्याच्या हातात द्यायची कशाला.

सांगण्यात ही भानगडच नाही. मान वळवायची, मागे काय चाललंय बघायचं, "मी जरा सीट मागे घेतेय हां" म्हणायचं आणि दोन सेकंद थांबायचं. त्या दोन सेकंदात तो ग्लास उचलतो, लॅपटॉप ओढून घेतो, पुढे वाकून बॅग शोधत असेल तर डोकं वर काढतो. आणि त्याची खरंच काही अडचण असेल, मांडीवर झोपलेलं बाळ वगैरे, तर तो स्वतःहून बोलतो की ताई पाच मिनिटं थांबाल का. मी अजून एकही माणूस असा पाहिला नाही जो सांगितल्यावर खेकसला. खेकसतात ते अचानक धाडकन अंगावर आल्यावर.

त्या धाडकनबद्दल थोडं. आर्मरेस्टमधलं बटण दाबलं की केबल ओढली जाते आणि सीटच्या खालचं एक लॉक सुटतं, बस. सीट किती जोरात मागे जाणार हे तुमच्या पाठीच्या रेट्यावर असतं. म्हणजे बटण दाबून धरायचं आणि हळूहळू रेलायचं, सीट पण हळूहळूच जाते. आणि बऱ्याच लोकांना हे माहीतच नाही की बहुतेक सीट्स मध्ये कुठेही थांबतात, बटण सोडलं की तिथेच लॉक. पूर्ण मागे नाहीतर पूर्ण सरळ असं काही नसतं. झोपेसाठी मान टेकायला कित्येकदा निम्मी पण पुरते, आणि मागच्याला तेवढ्याने लॅपटॉप उघडा ठेवता येतो.

लॅपटॉपचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या शेजारच्या रांगेत एक पोरगा ट्रेवर लॅपटॉप उघडून काम करत होता, स्क्रीन थोडी पुढे झुकवलेली. पुढच्या सीटच्या पाठीत ट्रे बंद करून बसवायला जो खळगा असतो ना, स्क्रीनची वरची कड नेमकी त्या खळग्यात गेलेली होती. पुढचे काका टॉयलेटला जाऊन आले, बसले आणि बसता बसताच बटण दाबून पाठ सोडली. खट्ट असा बारीक आवाज आला. स्क्रीन वरून खळग्यात अडकलेली, खालून ट्रे, मध्ये बिजागरीला पळायला जागाच नाही. पोराने लॅपटॉप ओढून काढला तेव्हा स्क्रीनवर वरून खालपर्यंत एक काळी रेघ. काकांना काही पत्ताच नाही, ते डोळे मिटून पडले होते. पोरगा दोन मिनिटं त्या रेघेकडे बघत बसला, मग त्याने काकांच्या खांद्याला हात लावला आणि काकांचं पहिलं वाक्य काय, "सीट मागे घ्यायचीच असते ना?" अहो घ्यायचीच असते, पण बघून! तर लॅपटॉप वाल्यांनी पण एक करा, स्क्रीनची कड त्या खळग्यात जाऊ देऊ नका, ट्रे पुढे सरकत असेल तर अंगाकडे ओढून घ्या. पुढचा कधी मागे येईल सांगता येत नाही.

आता मुळात हे चार इंच एवढे महाग का झालेत ते बघू. सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं जे अंतर त्याला सीट पिच म्हणतात. इकॉनॉमीत हे साधारण ३० ते ३२ इंच असतं, काही स्वस्त एअरलाइन्समध्ये २८. पूर्वी ३४-३५ इंच मिळायचे. लक्षात घ्या की हे अंतर म्हणजे लेगरूम नाही, यातून सीटची जाडी वजा करायची, मग उरतं ते तुमच्या मांड्यांचं. सीट्स बारीक केल्या म्हणून थोडं भरून निघालं असं एअरलाइन्स म्हणतात, आणि गुडघ्यापाशी ते थोडंफार खरंही आहे, पण तोंडासमोरची जागा, जिथे स्क्रीन येते, ट्रे येतो, ती बारीक सीटने कशी वाढणार? सीट खाली कमरेपाशी वळते, म्हणून वरची कड सगळ्यात जास्त मागे येते. त्यामुळे खरा त्रास बहुतेकांना गुडघ्यांना नसतोच, नाकाला असतो. उंच माणसांची गोष्ट वेगळी, ज्याचे गुडघे आधीच पुढच्या सीटला टेकलेत त्याला एक इंच पण लागतो.

एअरलाइन्सना हे कळत नाही असं नाही. डेल्टाने २०१९ मध्ये आपल्या एअरबस ए३२० विमानांत इकॉनॉमीचं मागे जाणं चार इंचांवरून दोन इंचांवर आणलं. रायनएअरसारख्यांनी तर सीट मागे जायची सोयच काढून टाकली, वजन कमी, दुरुस्ती कमी, भांडण नाही. छोट्या फ्लाइटला हे मला पूर्ण मान्य आहे, दोन तासात कोणाला झोपायचंय. कॅथे पॅसिफिकने तर लांबच्या फ्लाइट्ससाठी अशी सीट आणली होती की तिची मागची बाजू पक्की, तुम्ही मागे गेलात की तुमचं बूडच पुढे सरकणार, म्हणजे मागच्याला काही त्रास नाही आणि जागा गेली तर तुमच्याच गुडघ्यांची. कागदावर यापेक्षा न्यायाची गोष्ट नाही. प्रवाशांना ती अजिबात आवडली नाही आणि पुढे कंपनीने ती बदलली. म्हणजे बघा, सगळ्यांना मागच्याचा त्रास वाचवायचा असतो पण स्वतःचे गुडघे देऊन नाही.

बरं, ताठ बसणं हे काही शरीराला चांगलं नसतं. २००६ मध्ये स्कॉटलंडमध्ये एमआरआय काढून बघितलं होतं की कुठल्या कोनात बसल्यावर कण्यावर ताण कमी येतो, तर साधारण १३५ अंश निघाले, नव्वद नाही. इकॉनॉमीतली सीट पूर्ण मागे घेतली तरी त्याच्या आसपास पण जात नाही. तेव्हा "एवढ्याशा चार इंचांनी तुला काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांनी सरळ सीटवर झोपून दाखवावं. मान पुढे पडते, दचकून जाग येते, परत पडते, परत जाग, रात्रभर. पर्थ ते लंडन २०१८ पासून थेट फ्लाइट आहे, जवळजवळ १७ तासांची, इकॉनॉमी सकट. सिंगापूर ते न्यूयॉर्क तर १८ तासांच्या वर, त्या विमानात मात्र सिंगापूर एअरलाइन्सने इकॉनॉमी ठेवलेलीच नाही, फक्त प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेस. का ते सांगायला नको.

आता मला सगळ्यात पटणारा मुद्दा. सीट मागे घेणं ही एक साखळी असते. पुढच्याने मागे घेतली की माझ्या तोंडासमोरची जागा गेली, ती परत मिळवायचा एकच उपाय म्हणजे मी पण मागे जायचं, मग माझ्या मागचा, मग त्याच्या मागचा. सगळे मागे गेले की सगळ्यांची जागा पहिल्याएवढीच, फक्त तिरकी, आणि सगळ्यांना झोप. मध्येच एखादा हुतात्मा निघतो जो मागच्यासाठी म्हणून आपली सीट सरळ ठेवतो आणि दोन्हीकडून चेंगरून मग आठ तास तोंड पाडून बसतो, त्याला कोणी सांगितलं होतं? पण साखळी कुठेतरी संपते, ती शेवटच्या रांगेत. मागे भिंत, टॉयलेटचा वास, आणि पुढचा अंगावर. काही विमानांत इमर्जन्सी एक्झिटच्या पुढच्या रांगेचंही तेच, कारण ती मागे गेली तर बाहेर पडायची वाट अडते. म्हणून माझा एक अपवाद पक्का आहे, माझ्या मागे शेवटची रांग असेल तर मी निम्म्याच्या पुढे जात नाही. अशा वेळी मात्र मी चक्क विचारते सुद्धा, कारण त्याच्याकडे परतफेडीला काही नाहीये.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये काय झालं होतं ते आठवतंय का? नी डिफेंडर नावाचं एक प्लॅस्टिकचं बारकं खेळणं मिळायचं, २००३ पासून विकत होते, ट्रेच्या दांड्यांना दोन चिमटे लावले की पुढची सीट मागेच येत नाही. नेवार्कहून डेन्व्हरला चाललेल्या युनायटेडच्या फ्लाइटमध्ये एकाने ते लावलं, क्रूने काढायला सांगितलं, त्याने ऐकलं नाही, पुढच्या बाईने त्याच्या अंगावर ग्लासभर पाणी फेकलं, आणि विमान शिकागोला उतरवून दोघांना खाली काढलं. आणि ते दोघं बसलेले कुठे, तर जिथे लेगरूम जास्त असते त्या महागड्या रांगांत! पुढच्या काही दिवसांतच मायामीहून पॅरिसला जाणारं एक विमान बॉस्टनला उतरवावं लागलं आणि आणखी एक जॅक्सनव्हिलला. त्या जॅक्सनव्हिलवाल्यातली पुढची बाई शांतपणे विणकाम करत बसलेली होती, तिने जरा सीट मागे घेतली तर मागची ट्रेवर डोकं ठेवून झोपलेली, तिच्या डोक्याला लागलं आणि ती शिव्या द्यायला लागली. मला विचाराल तर तिन्हीतलं हे शेवटचं सगळ्यात टाळता येण्यासारखं होतं. मागे वळून एकदा बघितलं असतं तर डोकं दिसलं असतं. आणि चिमटे लावून गुपचूप कोणाची सीट अडवणं हा तर हलकटपणा आहे, समोरच्याला वाटतं सीट बिघडलीये, तो बिचारा क्रूला बोलावत बसतो. अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइन्सनी त्यावर बंदी घातली ते बरंच झालं.

त्याच सुमाराला अर्थशास्त्रवाल्यांनी पण यात उडी मारली की तुम्हाला मी मागे यायला नको असेन तर मला पैसे द्या, बाजार ठरवेल. मग क्रिस्टोफर स्प्रिगमन आणि क्रिस्टोफर बुकाफुस्को या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी ऑनलाइन लोकांना विचारून बघितलं. हक्क पुढच्याचा असं धरलं तर पुढच्याला सीट सरळ ठेवण्यासाठी सरासरी ४१ डॉलर हवे होते आणि मागचा देणार होता १८. मग उलटं केलं, हक्क मागच्याचा आणि पुढच्याने विकत घ्यायचा, तर मागच्याला हवे ३९ आणि पुढचा देणार १२! म्हणजे जागेची किंमत जागेवर नाही तर ती आधी कोणाची म्हणून सांगितली त्यावर. बहुतेक वेळा सौदा जुळलाच नसता. पण याच लोकांना पैशाऐवजी मागचा एखादं ड्रिंक किंवा खायला काहीतरी देतोय असं सांगितल्यावर बहुतेक जण सीट सरळ ठेवायला तयार झाले. पैसे काढले की माणूस हिशोबाला बसतो, आणि कोणी गोड बोललं की विरघळतो. मी काही कोणाला ड्रिंक देणार नाही, पण मला कोणी दिलं तर मी विमान उतरेपर्यंत ताठ बसायला तयार आहे 😄

वेळेचं म्हणाल तर त्यात फार डोकं लावायची गरज नाही, केबिनमधले दिवे बघायचे. टेकऑफ आणि लँडिंगला सीट सरळ हवीच, तिथे शिष्टाचाराचा प्रश्न नाही, नियम आहे, कारण आणीबाणीत मागच्याला रांगेतून बाहेर पडता आलं पाहिजे, आणि निम्मे दरवाजे बंद धरूनही ९० सेकंदांत सगळं विमान रिकामं होऊ शकतं हे दाखवल्याशिवाय विमानाला मान्यताच मिळत नाही. नंतर जेवण येतं, तेव्हा सरळ, क्रूने सांगायची वाट न बघता. मागच्याला ट्रेवरचं ताट हनुवटीखाली धरून जेवायला लावणं याला कुठलीच सबब नाही. ताटं गोळा झाली, दिवे मंद झाले, की मग खुशाल मागे जा, तेव्हा कोणी कुरकुर केली तर चूक त्याची. परत दिवे लागले की सरळ. दिवसाच्या लांब फ्लाइटला जरा गोंधळ होतो कारण अर्धे झोपलेले आणि अर्धे काम करत असतात, तिथे निम्मी सीट हा माझा तोडगा, सगळ्यांना पटेलच असं नाही.

आणि मागच्यांनो, तुम्ही पण काही संत नाही हां. समोरच्या टचस्क्रीनवर पत्त्यांचा गेम खेळताना तुम्ही स्क्रीनला बोट लावत नसता, बोट खुपसत असता, आणि त्या स्क्रीनच्या बरोबर पलीकडे माझं डोकं असतं. टुक. टुक. टुकटुक. एकदा तर मला मागच्या आजोबांचा डाव कसा चाललाय हे नुसत्या धक्क्यांवरून कळायला लागलं होतं, जिंकले की जरा हळू, हरले की कवटीला दणका. शेवटी मी वळून म्हटलं आजोबा, हात हलका ठेवा ना, तर ते इतके खजील झाले की मलाच वाईट वाटलं, आणि मग त्यांनी गेम बंदच केला. बऱ्याच स्क्रीनला आर्मरेस्टमध्ये किंवा स्क्रीनखाली रिमोट असतो, तो वापरा की. दुसरं, उठताना पुढच्याची सीट धरून लटकू नका. आर्मरेस्टवर जोर देऊन उठता येतं. झोपलेल्या माणसाची सीट मागे खेचून सोडली की ती गोफणीसारखी पुढे जाते, कधीतरी कोणाचे केस पण हातात येतात.

पुढचा ऐकतच नसेल तर गुद्दे, गुडघे, खोकून दाखवणं, एसीचा झोत त्याच्या टकलावर सोडणं (हे करणारे लोक आहेत, मला माहितीये) यातलं काही करू नका. एकदा नीट सांगा, नाही ऐकलं तर क्रूला सांगा. जेवताना सीट सरळ करायला ते लावतातच. इतर वेळी ते जबरदस्ती करणार नाहीत पण कुठे रिकामी सीट असेल तर हलवतात, आणि नसली तर निदान मागे गॅलीपाशी, म्हणजे क्रूच्या स्वयंपाकघरापाशी, जाऊन जरा पाय मोकळे करून येता येतं.

उंच लोकांनी आणि ज्यांना काम करायचंच आहे अशांनी तर बुकिंग करतानाच सीट मॅप बघावा. बल्कहेडला, म्हणजे समोर भिंत असलेल्या पहिल्या रांगेत, पुढे कोणी नसतं पण ट्रे आर्मरेस्टमध्ये असतो म्हणून तो आर्मरेस्ट वर उचलता येत नाही, आणि टेकऑफला बॅग पायाशी ठेवू देत नाहीत. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत पाय पसरतात पण तिथे बरेचदा थंडी वाजते. मला स्वतःला साधी मधली रांग बरी वाटते, विंडो, म्हणजे उठणाऱ्यांना पाय द्यायला नको आणि डोकं टेकायला भिंत. शेवटची रांग तेवढी सोडून. चेक-इनला उशीर केला की तीच मिळते, तेव्हा ऑनलाइन चेक-इन उघडल्या उघडल्या करा.